नेपच्यूनची जागा

सूर्य कुठं उगवतो, एवढा एकच प्रश्न विचारून खोली भाड्यानं देणारा मालक मी आजवर एकच पाहिला.

मंगळवेढ्याहून मी शाळेच्या नोकरीसाठी सोलापुरात आले, तेव्हा पूर्व भागातल्या एका गल्लीत वरच्या मजल्यावरची खोली रिकामी असल्याचं कळलं. मालक दारातच स्टुलावर बसले होते. लुंगी, पांढरा बनियन, जाड भिंगाचा चष्मा आणि मनगटावर चावीचं घड्याळ. मी कोणाची, कुठली, लग्न झालंय का, काय खाते, यातलं त्यांनी काहीही विचारलं नाही. सूर्य कुठं उगवतो ते विचारलं. मी म्हटलं, पूर्वेला. त्यांनी कपाळाला हात लावला.

"पूर्वेला वर्षातून दोनच दिवस उगवतो, टीचरम्मा. बाकीचे दिवस कुटं जातो, ते तुमच्या पुस्तकात न्हाय का?"

मग त्यांनी मला गच्चीवर नेलं. पूर्वेकडच्या कठड्यावर पांढऱ्या ऑइलपेंटच्या रेघा ओढलेल्या होत्या, दर आठवड्याची एक. डिसेंबरातली रेघ अगदी उजव्या टोकाला, जूनमधली डाव्या टोकाला, आणि सूर्य वर्षभर या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन परत येत होता. कठड्यावर बोट फिरवत ते म्हणाले, हे उत्तरायण, हे दक्षिणायन. हे दोन शब्द मी मुलांकडून एका मार्काच्या प्रश्नासाठी पाठ करून घेतले होते. ते असे भिंतीवर मोजता येतात हे मला ठाऊक नव्हतं. तसं मी कबूल केलं आणि खोली मिळाली. अट एकच होती: वाळत घातलेले कपडे रेघांच्या आड येता कामा नयेत.

गल्ली त्यांना अण्णा म्हणायची. मीही म्हणायला लागले. आता मी जेऊरच्या शाळेत असते, पण त्या खोलीत काढलेली चार वर्षं आठवली की अजून एकटीच हसते.

अण्णांची सगळी नोकरी चादरींच्या कारखान्यात गेली होती. ते चादरीवरची नक्षी काढायचे. बारीक चौकटींच्या मोठ्या कागदावर एकेक चौकोन रंगवून मोर उभा करायचा, आणि त्या चौकोनांबरहुकूम जाड पुठ्ठ्यांना भोकं पाडायची. ते पुठ्ठे मागावर चढले की भोकांप्रमाणे धागे उचलले जातात आणि मोर चादरीवर येतो. एक भोक चुकलं की मोराला दोन चोची येतात, असं ते सांगायचे. दोन चोचींचा मोर त्यांच्या हातून चाळीस वर्षांत एकदाही उडाला नव्हता, आणि याचा त्यांना इतका अभिमान होता की त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, भाजीत मीठ किती घातलं हेसुद्धा ते चमच्यांच्या हिशेबात विचारायचे. काकू म्हणायच्या, "अंदाजानं." अण्णांना तो शब्द पानात खडा लागल्यासारखा लागायचा.

त्यांच्या घड्याळात आणि जगाच्या घड्याळात सव्वीस मिनिटांचं अंतर होतं. हे घड्याळ मागे पडत नव्हतं, मागे ठेवलेलं होतं. अण्णांचं म्हणणं असं, की सगळ्या देशाची घड्याळं तिकडं मिर्झापूरच्या सूर्यावर लावलेली आहेत. मिर्झापूरच्या डोक्यावर सूर्य आला की भारताचे बारा वाजतात. तोच सूर्य सोलापूरच्या डोक्यावर यायला आणखी सव्वीस मिनिटं घेतो. मग सोलापूरकरानं मिर्झापूरच्या वेळेनं का जेवायचं? त्यांना कोणी वेळ विचारली की ते आधी विचारायचे, "इथली सांगू का मिर्झापूरची?" घरात घड्याळं दोन होती. बैठकीतलं अण्णांचं आणि स्वयंपाकघरातलं काकूंचं. कुकर, मालिका, नळाचं पाणी आणि माझी शाळा हे सगळं काकूंच्या घड्याळावर चालायचं, म्हणून घर चाललं.

संध्याकाळी मी शाळेतून आले की ते कधी कधी गच्चीवरून हाक मारायचे. सूर्य मावळायला टेकलेला असायचा. मी छान म्हणायला तोंड उघडलं की ते म्हणायचे, हा आत्ताचा नव्हे, हा आठ मिनिटं वीस सेकंदांपूर्वीचा. उजेड इथं पोचायलाच तेवढा वेळ लागतो. एकदा मी उशिरा आले आणि काकूंनी चहा पुन्हा गरम करून दिला, तेव्हा माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "ही पण आठ मिनिटांपूर्वीची दिसती."

माणसांचीही त्यांनी व्यवस्था लावलेली होती. मी आणि तळमजल्यावरचं दुसरं बिऱ्हाड हे उपग्रह. काकूंचा हैदराबादचा भाऊ चार-सहा वर्षांतून एकदा बायको, मुलं, सासू आणि बारा पिशव्या घेऊन यायचा, तो धूमकेतू. शेपूट लांब, मुक्काम थोडा. मी एकदा विचारलं, मग या घरात सूर्य कोण? त्यांनी स्वयंपाकघराकडं मान वळवली. मग तुम्ही कोण? म्हणाले, "आमी सूर्यावरचा डाग. बाकीच्यापेक्षा जरा थंड असतो म्हणून काळा दिसतो, एवढंच." आतून काकूंचं हसू ऐकू आलं.

आता अण्णांनी गल्लीभर टांगलेल्या ग्रहांबद्दल. त्याची सुरुवात मी येण्याच्या आधीची, पण गल्लीत ती मला इतक्यांनी इतक्या वेळा सांगितली की मी तिथं होते असंच वाटतं. कारखान्याच्या मालकांना एका प्रदर्शनासाठी सूर्यमालेची चादर हवी होती. मध्ये मोठा सूर्य, भोवती रंगीत ग्रह, शनीला कडं. अण्णांनी आठ दिवस हिशेब केला आणि चौकटींचा कागद नेऊन दिला. कागद कोरा होता. एका कडेला एक ठिपका तेवढा होता. मालकांना वाटलं चुकून दुसराच कागद आला. अण्णांनी शांतपणे समजावलं, की या टोकाला सूर्य आणि त्या टोकाला नेपच्यून धरला तर चादरीवर सूर्य एका धाग्याएवढा येतो, आणि बाकीचे ग्रह धाग्याच्या तुसाएवढेही येत नाहीत. सूर्यमाला बहुतेक सगळी रिकामीच असते. मालक म्हणाले, लोक कोरी चादर कशाला घेतील? अण्णा म्हणाले, अंगावर घ्यायला. ती चादर काही निघाली नाही. पुढं निवृत्त झाल्यावर अण्णांनी ठरवलं, चादरीत मावत नाही तर गल्लीत मांडू.

माप सोपं धरलं. एक मीटर म्हणजे दहा लाख किलोमीटर. त्या मापानं सूर्य एक मीटर चाळीसला एक सेंटिमीटर कमी. काकूंनी पिवळ्या आणि नारिंगी टॉवेलांचे तुकडे जोडून तेवढा गोल शिवला आणि तो घराच्या दर्शनी भिंतीवर टांगला. शेजारच्या इस्त्रीवाल्याकडून त्याला एक डाग पडला. काकू हळहळल्या. अण्णांनी पट्टी लावून डाग मोजला, तो त्या मापानं पृथ्वीपेक्षा मोठा भरला, आणि खऱ्या सूर्यावरचे डागही तसेच असतात म्हणून त्यांनी इस्त्रीवाल्याला चहा पाजला.

शुक्र एकशे आठ मीटरवर, विजेच्या खांबावर. पृथ्वी दीडशे मीटरवर, किराणा दुकानाच्या चौकटीवर एक छोटी निळी गोटी. तिच्यापासून अडतीस सेंटिमीटरवर चंद्र, म्हणजे एक धणा, डिंकानं चिकटवलेला. मंगळ दवाखान्याच्या पाटीखाली. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या जागेत गल्लीतल्या सगळ्या मोटारसायकली आडव्यातिडव्या उभ्या असायच्या, तो लघुग्रहांचा पट्टा. गुरू म्हणजे चहाच्या हॉटेलात टांगलेला सुताचा मोठा गुंडा, तपकिरी आणि पांढऱ्या पट्ट्यांचा. अण्णांनी तो स्वतः गुंडाळला होता.

बुधाची हकिकत मात्र माझ्या अंगावर आहे. त्या मापानं बुध ज्वारीच्या दाण्याएवढा येतो. मंगळवेढ्याची ज्वारी टपोरी, म्हणून अण्णांनी मला घरून दाणा आणायला लावला. मी मूठभर आणली, त्यातून त्यांनी पट्टीवर ठेवून ठेवून एक निवडला. जागा येत होती अठ्ठावन्न मीटरवर. तिथं पिठाची गिरणी. गिरणीवाल्या मावशींनी मोठ्या हौसेनं बुध ठेवून घेतला, छोट्या वाटीत, गिरणीच्या कट्ट्यावर. चौथ्या दिवशी मी दळण घेऊन गेले तर मावशी गालाला हात लावून बसलेल्या.

"बाई, अण्णाला तुमीच सांगा. वाटी लवंडली की. कुणाच्या तरी डब्यात गेला ओ तुमचा बुध."

बुध दळला गेला होता, आणि कोणाच्या तरी घरी त्याची भाकरी झाली होती. अण्णा दिवसभर जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मंगळवेढ्याला पाठवलं, एस.टी.नं, एका दाण्यासाठी. गेल्या वेळच्या मुठीतले बाकीचे दाणे डब्यात पडलेले होते, पण ते माप भरत नव्हते म्हणून नाकारलेले होते. आई म्हणाली, मालक बरे आहेत ना डोक्यानं? मी म्हटलं, आपल्यापेक्षा बरे आहेत. आणि ते मी मनापासून म्हटलं होतं.

शनीचं आणखी एक. पंक्चर काढणारे एक चाचा होते, अण्णांचे जुने दोस्त. शनी माझ्या दुकानात पाहिजे, असा त्यांनी हट्टच धरला होता. त्यांनी जुन्या ट्यूबमधून शनीचं कडंही कापून ठेवलं, इतकं सुबक की अण्णांनी त्याला पट्टीसुद्धा लावली नाही. मग आम्ही मोजायला निघालो. तीस मीटरची टेप, पुढचं टोक अण्णांकडं, मागचं माझ्याकडं, आणि भर रस्त्यातून वाकत वाकत चौदाशे तीस मीटर. माझ्या वर्गातल्या दोन पालकांनी मला तशी पाहिली. चाचांचं दुकान निघालं चौदाशे एकवीसवर. नऊ मीटर कमी. चाचा म्हणाले, "अण्णा, नौ मीटर में क्या होता जी? इत्ते दूर से कौन देखने आरा?" अण्णा म्हणाले, नऊ मीटर म्हणजे नव्वद लाख किलोमीटर. शेवटी शनी दुकानापलीकडच्या लिंबाच्या झाडाला टांगला गेला. चाचा बिचारे दुकानात बसून मान वाकडी करून आपल्या शनीकडं बघत राहायचे, आणि पाऊस आला की त्याच्यावर छत्री धरायला धावायचे.

पुढं रस्ता वळतो, तिथून टेप चालेना. म्हणून अण्णांनी शहराचा मोठा नकाशा आणला, भिंतीवर लावला आणि पट्टी घेऊन सरळ अंतर काढायला लागले. युरेनस आमच्या शाळेवर आला. लिंबाएवढा हिरवट निळा गुंडा, आडवा टांगलेला, कारण युरेनस आडवा पडूनच फिरतो. तो लागला त्या दिवशी मी सातवीच्या मुलांना परिवलन आणि परिभ्रमण शिकवलं आणि पहिल्यांदाच कोणी जांभई दिली नाही.

राहिला नेपच्यून. गडद निळ्या सुताचा गुंडा केव्हाच तयार होता. काकूंच्या फडताळात, स्टीलच्या डब्यात, तुरीच्या डाळीच्या शेजारी. तो तिथं दोन वर्षं पडून होता, आणि का पडून होता हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. अण्णा म्हणत होते की नेपच्यूनची जागा साडेचार किलोमीटरवर येते, ती होटगी रस्त्याकडच्या वसाहतीत एका घरावर येते, आणि ते घर त्यांच्या धाकट्या भावाचं आहे. दोघा भावांत नऊ वर्षं बोलणं नव्हतं.

कारण सांगितलं तर हसू येतं, पण ज्यांच्यावर गुजरलं त्यांना येत नव्हतं. धाकट्याच्या मुलीचं लग्न होतं. या तेलुगू लोकांत मुहूर्ताच्या नेमक्या घटकेला नवरानवरी एकमेकांच्या डोक्यावर जिरं आणि गूळ ठेवतात, तेच लग्न. ती घटका सांगायचा मान धाकट्यानं थोरल्या भावाला दिला. वेळेच्या बाबतीत अण्णांसारखा काटेकोर माणूस साऱ्या नात्यात नव्हता. अण्णा मांडवात मनगट डोळ्यांसमोर धरून उभे राहिले. भटजी त्यांच्याकडं बघत राहिले, नवरानवरी मुठीत जिरं-गूळ धरून बसले, आणि खुणेचा हात खाली आला तेव्हा मिर्झापूरच्या वेळेनं मुहूर्त टळून सव्वीस मिनिटं झाली होती. नवऱ्याकडच्या कोणीतरी मोबाईल पाहिला आणि मांडवात कल्ला झाला. अण्णा भर मांडवात म्हणाले, सूर्य बरोबर आहे, पत्रिका चुकली. आणि धाकटा भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "सूर्य बरोबर असंल. माझ्या लेकीचं लग्न चुकलं."

त्या लेकीचं पुढं काहीही चुकलं नाही. संसार सुखाचा, दोन मुलं, आणि दर दिवाळीला ती मुलांना घेऊन काकाचे ग्रह बघायला यायची. माझ्यासमोर ती एकदा अण्णांना म्हणाली की काका, बाबा अजून तुमचं विचारतात. अण्णा म्हणाले, विचारू दे. मग ती गेल्यावर मला म्हणाले की त्या दिवशी सूर्य बरोबरच होता, टीचरम्मा, तुम्हीच सांगा. सूर्य बरोबर होता यात मला काहीच म्हणायचं नव्हतं.

एकदा नकाशासमोर उभी असताना मला एक सुचलं. नकाशावर त्यांनी कंपासानं ग्रहांच्या कक्षा काढल्या होत्या, घराभोवती एकाबाहेर एक अशी वर्तुळं. मी म्हटलं, अण्णा, नेपच्यूनची कक्षा वर्तुळ आहे. वर्तुळावर कुठंही ठेवला तरी अंतर साडेचारच. हे बघा, जुळे सोलापुरातून जाते, तिथं तुमचे कारखान्यातले मित्र आहेत, ते कधीपासून ग्रह मागतायत. त्यांना द्या आणि मोकळे व्हा.

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांच्या मोराला दुसरी चोच काढली होती.

"वर्तुळ मला शिकवताय काय? चाळीस वर्षं वर्तुळं काढली मी." मग नकाशाकडं तोंड फिरवून, हळू: "नेपच्यून तिथंच."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणीही आलं. साऱ्या सोलापूरभर फिरणारं वर्तुळ हातात असताना या माणसाला जगात एकच जागा दिसत होती, आणि तिथं जायचं धाडस तेवढं होत नव्हतं. नुसतं जाऊन भेटणं त्यांना जमलं नसतं. नुसतं भेटणं म्हणजे चूक कबूल करणं. ग्रह ठेवायला जाणं म्हणजे काम.

काम काकूंनी काढलं. आमच्या घरी तिळगूळ बावीस डिसेंबरला व्हायचा, कारण अण्णांच्या मते उत्तरायण त्या दिवशी सुरू होतं आणि जानेवारीतली संक्रांत तीन आठवडे उशिरा येते. त्या वर्षी बावीस तारीख रविवारी आली. मी वड्या थापत होते. काकूंनी फडताळातून डाळीचा डबा काढला, मग त्याच्या शेजारचा काढला आणि तो बैठकीत अण्णांच्या पुढ्यात ठेवला.

"सूर्यमाला म्हणून लोकांना सात ग्रह दाखवताय," त्या म्हणाल्या. "एका मोराला एकच पंख काढला असता का?"

अण्णा उठले, दाढी केली, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, एका हातात नेपच्यूनचा डबा घेतला, दुसऱ्या हातात तिळगुळाचा, आणि मला म्हणाले, "टीचरम्मा, चला." रिक्षा करू म्हटलं तर नाही म्हणाले. सूर्यापासून निघायचं तर चालतच जायचं.

निघालो. गिरणीवाल्या मावशींनी डबा पाहिला आणि चालू गिरणी बंद केली. किराणावाला पृथ्वीखाली येऊन उभा राहिला. हॉटेलात गुरूखाली बसलेले लोक कप हातात धरून बघत राहिले. चाचांनी मात्र ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात तशीच सोडली, हात पुसत रस्त्यावर आले आणि अण्णांच्या शर्टाची कॉलर नीट केली. "जाके आव," म्हणाले. "डरो नक्को. भाईच है."

शनीनंतर अण्णा खुलले. या मापानं उजेड सेकंदाला फक्त तीस सेंटिमीटर चालतो, तेव्हा आपण दोघं या घटकेला प्रकाशाच्या चौपट वेगानं चाललोय, असं त्यांनी मला सांगितलं. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आम्हाला मागं टाकून गेले. अण्णा म्हणाले, बघा, पाचपट.

शाळा आली. युरेनस जागेवर आडवा होता. त्याच्यापुढं अण्णांचं बोलणं हळूहळू आटत गेलं. एका पुलाच्या कठड्यावर ते बसले आणि म्हणाले, परत जाऊ या, ऊन झालंय. डिसेंबरातल्या सकाळी सोलापूरकराला ऊन लागलं. मी शेजारी बसले. त्यांनी विचारलं, दारात उभं राहून काय बोलायचं? मी म्हटलं, जे ग्रह देताना सगळ्यांना बोलता तेच बोला. त्यांनी ते दोनदा पुटपुटून बघितलं, शाळेत मुलं स्वागतगीत घोकतात तसं. मग उठले.

धाकट्यानं स्वतःच दार उघडलं. तोच चेहरा, फक्त मिशा जास्त आणि चष्मा कमी. दोघं एकमेकांकडं बघत राहिले. मला वाटलं अण्णा आता मुहूर्तावर जातील आणि सगळं मुसळ केरात. पण त्यांनी डब्याचं झाकण काढलं आणि डबा पुढं केला.

"हा नेपच्यून. आठवा ग्रह. सूर्यापासून साडेचार किलोमीटरवर येतो. ते तुझं घर हाय. ठेवून घेणार का?"

धाकट्यानं डब्यात पाहिलं. मग अण्णांकडं. "साडेचार?" त्यानं विचारलं.

"साडेचार."

धाकटा बाजूला झाला. "रा अन्ना," तो म्हणाला, "लोपलिकि रा." आत ये, दादा. तेवढं तेलुगू मला चार वर्षांत कळायला लागलं होतं.

आम्ही आत बसलो. पाणी आलं. तिळगूळ दिला गेला, आज कशाचा म्हणून कोणी विचारलं नाही. धाकट्यानं गुंडा हातात घेऊन सूत चाचपून पाहिलं, विणकराचा हात तो. मग उठून त्यानं कपाटावरचा मोबाईल आणला, उघडला आणि आमच्यासमोर धरला. नकाशावर एक सरळ रेघ होती. एका टोकाला अण्णांचं घर, दुसऱ्या टोकाला हे.

"पोरगी सांगायची," तो म्हणाला. "शनी लागला, युरेनस लागला. म्हटलं आता माझ्याकडं येतो का बघू. तिनंच रेघ काढून दिली. तीनदा काढली, अन्ना. चार किलोमीटर शंभर मीटर भरतंय. चारशे मीटर कमी पडतात."

अण्णा मोबाईलकडं बघत नव्हते. ते जमिनीकडं बघत होते, आणि ते बघणं पाहून मला कळलं की हे चारशे मीटर त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होते.

"त्या पंक्चरवाल्या चाचाला तू नऊ मीटर सोडलं न्हाय," धाकटा म्हणाला. "मला चारशे कुटं सोडणार? म्हणून गप बसलो." तो थांबला. "पुढं चारशे मीटरवर एक घर भाड्यानं द्यायचं हाय. मागच्या महिन्यात ते पण बघून आलो."

अण्णांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग घसा साफ करून म्हणाले की मोबाईलवर काय विश्वास ठेवायचा, तो वेळसुद्धा मिर्झापूरची दाखवतो. आणि माझ्याकडं वळले.

"टीचरम्मा, तुमी शिकलेल्या हाय. तुमीच सांगा ह्याला. किती हाय?"

रेघेखालचा आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता. दोघंही भाऊ माझ्या तोंडाकडं बघत होते.

"साडेचार," मी म्हटलं. "बरोबर साडेचार."

"बाई म्हणती म्हणजे असंल," धाकटा म्हणाला, आणि खिळा-हातोडी आणायला आत गेला.